वऱ्हाडाची बस ठरवताना नेमकं काय बघायचं?

कैरीचं लोणचं

पुतण्याचं लग्न मार्गशीर्षात आहे. मुलीकडच्यांचं गाव चिपळूणजवळ, कार्यही तिथेच. आमचं वऱ्हाड पुण्याहून निघणार. ४८ डोकी, त्यात सहा लहान मुलं आणि पंच्याहत्तरी ओलांडलेले पाच जण. "तू बँकेत होतीस, तुला कागद वाचता येतात" असं म्हणून दादाने बसचं काम माझ्या गळ्यात टाकलंय.

तीन ट्रॅव्हल्सवाल्यांशी बोलून झालं. तिघांनी एसी, पुशबॅक, म्युझिक सिस्टीम आणि "मॅडम, गाडी एकदम टकाटक" एवढंच सांगितलं. मीही दुसरं काही विचारलं नाही, कारण काय विचारायचं तेच कळत नव्हतं. डिसेंबर २०२४ मध्ये ताम्हिणीत वऱ्हाडाची बस उलटून पाच माणसं गेली. लोहगावहून महाडकडे निघालेली होती, म्हणजे आपल्यासारखीच मंडळी. ते डोक्यातून जात नाहीये.

बेत असा आहे. पहाटे ४ ला निघायचं, उंब्रज-पाटण-कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा. मुहूर्त १२.३५ चा. जेवणं, पाठवणी आटोपून संध्याकाळी ७ ला परत निघायचं आणि रात्री एकच्या सुमारास घरी. दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यनारायण आहे.

बस घेताना काय बघता तुम्ही? "देवावर हवाला" सोडून सांगा.

अर्धं तिकीट

वाचतोय. आमच्याकडेही फेब्रुवारीत आहे.

रातराणी

एसटीला विचारलंत का? प्रासंगिक करारावर गाडी मिळते. पुशबॅक नसेल, काकू नाकं मुरडतील, पण ड्रायव्हर रोज घाट चढणारा-उतरणारा असतो.

मंद्या

कराराची गाडी लग्नसराईत मिळणं म्हणजे मुलगी मिळण्याइतकंच अवघड आहे. आत्या, रेट बघा, गाडीचा फोटो मागवा, अ‍ॅडव्हान्स द्या, मोकळ्या व्हा. इतक्या गाड्या रोज जातात-येतात.

डेपोतला

एसटीच्या वर्कशॉपला ३१ वर्षं काढली, आता घरी आहे. त्यामुळे जरा लांबेल.

ताई, ब्रेकचं नंतर सांगतो. आधी एक फोन करा आणि विचारा की आदल्या रात्री ही गाडी कुठे असेल? आणि तिच्यावरचा माणूस कुठे असेल?

लग्नसराईत गाडी एका वऱ्हाडातून दुसऱ्या वऱ्हाडात जाते. धुतलेली असते, सीटवर पांढरे कव्हर असतात, तुम्हाला पहाटे ४ ला दारात ताजी दिसते. ड्रायव्हर मात्र रात्री १२ ला कुठूनतरी आलेला असतो आणि दोन तास सीटवरच आडवा झालेला असतो. तुमचा बेत त्याच्या बाजूने मोजा. ४ ला दारात हजर म्हणजे ३ ला उठला. ११ च्या आत चिपळूण. दिवसभर मांडवाबाहेर बँजो, ऊन आणि "ड्रायव्हर, गाडी जरा पुढे घ्या". ७ ला परत स्टेअरिंगवर. तुमच्या घरी १ वाजता पोचवलं की गाडी लावायला तो आणखी पुढे जाणार. बावीस तास झाले. यात त्याने झोपायचं कधी, ते तुमच्या वेळापत्रकात कुठेच नाही.

१९६१ चा मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायदा (नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता) दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास म्हणायचा. लांब पल्ल्याला १० तासांपर्यंत सूट होती. सलग पाच तासांवर काम झालं की किमान अर्धा तास विश्रांती. हे पाळणारे मालक आहेत. न पाळणारा तुम्हाला दोन हजारांनी स्वस्त पडतो, तो कशातून ते बघा.

कोकणकडा

डेपोतलाकाकांना +१. जरा तारखांच्या शेजारी वेळा मांडून बघा. १ जुलै २०२३, समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा, नागपूरहून पुण्याला निघालेली बस, २५ माणसं गेली. वेळ मध्यरात्र उलटून दीडच्या आसपास. ८ ऑक्टोबर २०२२, नाशिकला औरंगाबाद रोडवर यवतमाळहून मुंबईला निघालेली बस पेटली. वेळ पहाटेची. १५ एप्रिल २०२३, बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळाजवळ बस दरीत गेली. ती गोरेगावची ढोल-ताशावाली पोरं, पिंपरी-चिंचवडकडचा कार्यक्रम आटोपून रात्रीच परत निघाली होती. १३ गेले. वेळ पुन्हा पहाटेचीच.

शेवटचं उदाहरण मला जास्त लागतं, कारण आपण सगळेच ते करतो. कार्यक्रम झाला, आता राहून काय करायचं, निघू या, सकाळी आपापल्या घरी.

मंद्या

आणि आंबेनळी? २८ जुलै २०१८. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची मंडळी महाबळेश्वरला निघालेली, ३० गेले, एकच वाचला. ते दिवसाढवळ्या झालं. आत्यांनी वर सांगितलेलं ताम्हिणीचंही सकाळचंच. मग रात्रीलाच का झोडपायचं? घाटात जे व्हायचं ते कधीही होतं.

डेपोतला

मुद्दा बरोबर आहे. रात्र हा एक धोका, घाट हा दुसरा. दोन्ही एकत्र आले की बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

घाटाचं सांगतो. चढताना गाडी फार तर बंद पडेल, खरी कसोटी उतरताना. जुना नियम असा की ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा. इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणापुरता. पण डिझेल वाचवायला काही बहाद्दर न्यूट्रल मारतात. मग सगळा भार ब्रेकवर. लायनर तापतात, जळका वास येतो आणि पुढच्या वळणाला पाय दाबूनही गाडी थांबत नाही. लोक म्हणतात "ब्रेक फेल". बहुतेक वेळा ब्रेक आपण होऊन फेल होत नाही, आधी त्याला जाळलेलं असतं. पुणेकरांना नवले पुलाचा उतार वेगळा सांगायला नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड गाडीने एकामागून एक कितीतरी गाड्या ठोकल्या होत्या. तो तर धड घाटही नाही, नुसता लांबलचक उतार आहे.

म्हणून ड्रायव्हरला हसतखेळत विचारा, "कुंभार्ली कितव्यात उतरता?" अनुभवी माणूस लगेच सांगतो, वर दोन वळणांची नावंही सांगतो. ज्याने घाट कधी केलेलाच नाही तो "होऊन जाईल ताई" म्हणतो. पुणे-बंगळूर हायवेवर दहा वर्षं काढलेला ड्रायव्हर उत्तम असतो, पण हायवेसाठी.

कैरीचं लोणचं

काका, फोन केला. हात गार पडले माझे.

गाडी आदल्या दिवशी शिर्डीला आहे. "रात्री बारा-एकपर्यंत येते मॅडम, धुऊन चारला तुमच्या दारात." ड्रायव्हर तोच का, तर हो. झोपणार कधी विचारलं तर म्हणाला, "जोडीला दुसरा असतो ना." दुसरा कोण, तर क्लीनर. "तोही चालवतो." त्याच्याकडे लायसन्स कोणतं आहे विचारल्यावर फोनला रेंज राहिली नाही.

सर्वांत स्वस्त कोटेशन हेच होतं.

मंद्या

बरं. हे मात्र अवघड आहे. कॅन्सल करा.

लीड्सकर

इकडचं थोडं सांगतो, तुलना म्हणून. मुलीच्या शाळेची सहल होती, पालक म्हणून मी सोबत गेलो. निघण्याआधी शिक्षिकेने एक फॉर्म भरला होता. रस्ता कोणता, थांबे कुठे, मुलं कुठल्या बाजूने उतरणार, बस बिघडली तर मुलांना कुठे उभं करायचं, असलं सगळं. मला तेव्हा अतिरेक वाटला. ड्रायव्हरच्या वेळेबाबत इथे चेष्टा नाही. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचंच. दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदाच १० पर्यंत. गाडीत यंत्र असतं, ते सगळं नोंदवतं. परत येताना ट्रॅफिकमध्ये अडकलो तर ड्रायव्हरने मधेच सर्व्हिस स्टेशनला गाडी लावली आणि शांतपणे सँडविच खात बसला. सगळे पालक चुळबुळत होते. तो हलला नाही.

रातराणी

आपल्याकडे तो हलला नसता तर दोन मामांनी त्याला हलवलं असतं.

गाडीमालक

दोन बसचा मालक आहे. तुमचं सगळं वाचलं. आता आमची बाजू.

तुम्ही भावात घासाघीस करता तेव्हा सगळ्यात आधी काय कापलं जातं? ड्रायव्हरचा भत्ता आणि दुसरा ड्रायव्हर. लग्नात पानाला हजार रुपये मोजणारा माणूस माझ्याशी पंधराशेसाठी अर्धा तास भांडतो. वरून म्हणतो, "रात्रीत परत आणा, मुक्कामाचे पैसे कशाला?"

दुसरं, मी इमर्जन्सी दार मोकळं करून गाडी पाठवतो. सुटताना ते मोकळं असतं. परतीला त्याच दारासमोर आहेराची पातेली, फळांच्या करंड्या, रुखवताचं खोकं. हे मी नाही रचत. डिकीत मला एकदा फटाक्यांची अख्खी पेटी मिळाली, वरातीत उरलेली, "परत नेतोय" म्हणे. एकदा आचाऱ्याचा भरलेला सिलिंडर. त्या डिकीवर तुमचीच मुलं झोपलेली असतात. आणि दारात पायरीवर लटकून नाचणारे मेहुणे. ड्रायव्हरने आवाज कमी करायला सांगितलं तर "तू गाडी बघ" असं ऐकवतात त्याला.

४५ सीटची गाडी म्हणजे ४५. "लहान मुलं मांडीवर" हा हिशोब फोनवर ऐकू येतो, अपघातानंतर विमा कंपनीला ऐकू येत नाही.

कैरीचं लोणचं

गाडीमालक, तुम्ही आमच्या घरात डोकावलात की काय? फटाके होते यादीत. आजच काढले. आणि ४८ माणसांना ४५ ची गाडी सांगितलीये मी, सहा मुलं आहेत म्हणून. कबूल.

कोकणकडा

स्लीपर सुचवेल कोणी म्हातारी माणसं आहेत म्हणून. घाटात नकोच. उंच गाडी, वरच्या बर्थवर माणसं, वळणाला झोके. आणि अरुंद बोळातून एका वेळी एकच माणूस बाहेर येतो. पिंपळखुट्याची बस डाव्या अंगावर पडली. दार डावीकडे, म्हणजे दारच जमिनीखाली. आत ३३ होते, आठ बाहेर आले. दार हीच एक वाट आहे असं धरून चालायचं नाही.

काचेबद्दल एक सांगून ठेवतो. खिडकीची टफन्ड काच मधोमध मारून लवकर फुटत नाही, कोपऱ्यात हातोडीचं टोक मारलं की भुगा होतो. पुढची मोठी काच वेगळी असते, दोन थर चिकटवलेली, ती तडकते पण जागची हलत नाही. तिच्यावर ताकद घालवू नये.

अर्धं तिकीट

हातोडीचं काय घेऊन बसलात, माझ्या मागच्या प्रवासात ती होती. चोरीला जाऊ नये म्हणून तारेने आवळून बांधलेली.

डेपोतला

हसू नका, निम्म्या गाड्यांत तशीच असते.

ताई, आता दुसरी गाडी बघाल तेव्हा फोटोवर जाऊ नका. गाडी उभी असते तिथे दिवसाउजेडी जा, एखादा भाचा सोबत घ्या. वीस मिनिटं लागतात. आधी टायर. पुढच्या दोन चाकांना रबर चढवलेला टायर नको. मागे पाहिला तर एकवेळ समजू शकतो, पुढचा फुटला तर गाडी हातात राहत नाही. नक्षी बघा, बाजूला चिरा आहेत का बघा, मागच्या जोडचाकात आतल्या टायरकडे बॅटरी मारा, कारण चांगला टायर बाहेर आणि खराब आत हा जुना खेळ आहे. मग ड्रायव्हरला गाडी चालू करून ब्रेकच्या टाकीत हवा भरू द्या. काटा वर आला की इंजिन बंद, ब्रेक दाबून धरायला सांगा. काटा जागेवर राहिला पाहिजे. भराभर खाली येत असेल किंवा कुठून फुसफुस ऐकू येत असेल तर नमस्कार करून निघा. स्टेअरिंग किती मोकळं फिरतं ते बघा.

इमर्जन्सी दार स्वतःच्या हाताने उघडा. "उघडतं हो" वर विश्वास नको. मी एकदा एका खासगी गाडीचं दार उघडायला गेलो तर बाहेरून जाहिरातीचा स्टिकर दाराच्या फटीवरून ओढून चिकटवलेला. आतून एक जादा सीटही बसवलेली. अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्यात आहे का, तारीख संपली का, ते बघा. गॅलरीतल्या दिव्यांच्या, चार्जिंगच्या वायरी कुठे उघड्या लोंबत असतील तर तेही लक्षात ठेवा. कंपनीतून गाडी येते तेव्हा वायरिंग मोजूनमापून असतं. नंतर रोषणाईसाठी कोणीतरी जोडतो आणि तिथून गरम व्हायला लागतं.

कागदांचं तुम्ही बँकवाल्या बघालच. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की फिटनेस, विमा, परमिट कधीपर्यंत आहे ते दिसतं. आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन-दोन वर्षांचं मिळतं, पुढे दरवर्षी. पाटी पिवळीच हवी. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेतली तर विम्याच्या वेळी भांडत बसाल. आणि प्रवाशांची यादी करून एक गाडीत, एक घरी ठेवा.

लीड्सकर

काका, हा तर माझ्या शिक्षिकेच्या फॉर्मपेक्षा भारी आहे.

मंद्या

सगळं खरं, पण इमर्जन्सी दारापाशी बसवायचं कोणाला? आमच्याकडे तिथे नेहमी आजी बसते, झोके कमी लागतात म्हणून.

कोकणकडा

मागच्या भागात झोके जास्तच लागतात, आजीला पुढे घ्या. दारापाशी दोन धडधाकट भाचे. आणि त्यांना निघायच्या आधी एकदा दार उघडून दाखवायचं. इथे एक गोष्ट, ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्नूलजवळ हैदराबादहून बंगळूरला निघालेली बस जळाली. दुचाकी बसखाली अडकून घासत गेली आणि आग लागली. तेही पहाटेच, प्रवासी झोपेत. आग लागल्यावर विचार करायला मिळणारा वेळ फार थोडा असतो. दार कुठे, हातोडी कुठे, हे आधीच हाताला माहीत हवं.

रातराणी

सगळं पटलं, पण मूळ गाठ सुटली नाही. सत्यनारायण सकाळी आहे म्हणून रात्री परत यायचंय. ही पूजा हलत नाही तोवर बस बदलून अर्धाच फायदा.

कैरीचं लोणचं

तेच तर. वहिनी म्हणते सगळ्यांना सकाळी १० चं बोलावलंय. दादा म्हणतो मुक्कामाचे पैसे वाढतील, वर मुलीकडच्यांवर ४८ माणसांच्या अंथरुणांचा भार. आज रात्री बैठक आहे घरात. बघू.

कैरीचं लोणचं (चार दिवसांनी)

बैठकीचा अहवाल. गुरुजींनाच फोन लावला. ते म्हणाले, सत्यनारायण संध्याकाळीही होतो, कोणी सांगितलं सकाळीच पाहिजे? वहिनीचा मुद्दा तिथेच संपला. पूजा संध्याकाळी ६ ला. मुलीचे वडील म्हणाले, गावातल्या शाळेच्या दोन खोल्या मिळतात, गाद्या मंडपवाल्याकडून, हे तर आम्हीच सुचवणार होतो पण तुम्हाला घाई दिसली. म्हणजे एवढे दिवस दोन्ही बाजू एकमेकांचा संकोच करत होत्या.

बस बदलली. ५० सीटची, मालक स्वतः यार्डात भेटला. भाच्याने टायरखाली वाकून बघितलं तेव्हा तो हसला नाही, उलट बॅटरी आणून दिली. पुढचे टायर नवे, हवेचा काटा जागेवर. इमर्जन्सी दार पहिल्यांदा उघडलं नाही. त्याने बिजागरीच्या खिळ्याला तेल घातलं, मग उघडलं. माझ्यासमोर तीनदा उघडबंद केलं. ड्रायव्हर साताऱ्याकडचा, पन्नाशीचा. कुंभार्ली कितव्यात उतरता विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याला त्याच्या आईचं नाव विचारलं. मग म्हणाला, "दुसऱ्यात. एखादं वळण तिसऱ्यात. धुकं असलं तर दुसऱ्यातच." आदल्या दिवशी गाडी उभी राहणार असं मालकाने लिहून दिलंय. मुक्काम आणि भत्ता धरून साडेसहा हजार जास्त. निघायची वेळही ४ ची साडेपाच केली. साखरपुडा आदल्या महिन्यातच झालाय, सकाळी तिथे पोचून काय करणार होतो देव जाणे.

डेपोतला

आता त्या माणसाला दुपारी झोपायला खोली द्या. पंखा चालणारी. बँजोपासून लांब.

कैरीचं लोणचं (लग्नानंतर)

पार पडलं, सगळे सुखरूप घरी. वृत्तांत थोडक्यात, कारण घसा बसलाय.

सीट ५०, माणसं ४७, एक मामा ऐनवेळी स्वतःच्या कारने आला. बस निघताना भाच्यांनी दार आणि हातोडी दाखवली तेव्हा काकू लोकांनी विमानातल्यासारखं म्हणून टाळ्या वाजवल्या. कोयनानगरला चहाला वीस मिनिटं थांबलो. घाट दुसऱ्याच गिअरमध्ये उतरलो, इंजिनचा आवाज इतका होता की धाकटी मुलं घाबरली, मोठ्यांना मात्र त्या आवाजाने बरं वाटत होतं.

ड्रायव्हरदादांना शाळेमागच्या घरात माडीवरची खोली मिळाली. पण आपली माणसं. मुलीच्या मामांनी "जेवून घ्या" म्हणून उठवलं. अर्ध्या तासाने मुलीच्या काकांनी "जेवलात का" म्हणून उठवलं. तिसऱ्यांदा विहीणबाई स्वतः ताट घेऊन वर गेल्या. मग मी दारावर कागद चिकटवला, "ड्रायव्हर झोपले आहेत. जेवलेले आहेत." रात्रीही तिथेच झोपले. सकाळी ९ ला निघून दुपारी पुण्यात.

परतीला दादाने आहेराची पातेली मागच्या दारापाशीच रचायला घेतली होती. भाच्याने उचलून डिकीत टाकली. तीन पातेल्यांना पोचे आलेत आणि त्यावरून घरात अजून धुसफुस चालू आहे.

अर्धं तिकीट

अभिनंदन! बस कोणाची ते व्यनि (खासगी निरोप) करा, फेब्रुवारीची तारीख जवळ येतीये.

कैरीचं लोणचं

केला. ड्रायव्हरचं नाव सांगून मागा, आणि आदल्या दिवशी गाडी कुठे आहे ते विचारल्याशिवाय पैसे पाठवू नका.

मंद्या

मलाही करा आत्या.